बारा घरचा स्टिरिओ

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की नागपुरातल्या कबाड्यांच्या ठेल्यांवर स्पीकर दिसू लागतात. वर्षानुवर्षं माळ्यावर नाहीतर दिवाणामागं पडून असतात. वाजवायचे कोणालाच नसतात आणि फेकवतही नाहीत. मग घरात भिंतीला चिकटणारा टीव्ही येतो, त्याच्याखाली साउंडबार येतो, आणि या दोन लाकडी पेट्या 'उगाच जागा अडवतात' म्हणून बाहेर निघतात. अडवतात हे खरंच. पण खर्जाचा आवाज काढायचा तर पुष्कळ हवा हलवावी लागते. त्याला मोठा कोन, म्हणजे स्पीकरमधला मागं-पुढं हलणारा शंकू लागतो आणि कोनाच्या पाठीशी मोठी पेटी. चार बोटं उंचीच्या साउंडबारनं कितीही आव आणला तरी डग्गा त्याला एकट्याला झेपत नाही. मग जोडीला सबवूफर घ्यावा लागतो, आणि तो ठेवायला जागा शोधावी लागतेच!

माझा स्टिरिओ असा लोकांनी बाहेर काढलेल्या सामानातून उभा राहिलाय. अ‍ॅम्प्लिफायर कॉटन मार्केटकडच्या शनिवारी बाजारातून आणलेला. स्पीकर सदरमधल्या एका बदली झालेल्या साहेबांचे, कॅसेट डेक मित्राच्या काकांचा. एक काळा, एक चंदेरी, स्पीकर सागवानी रंगाचे. आईला हे ध्यान मुळीच पसंत नाही. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीसोबत लावून दे हे सारं," असं ती दर श्रावणात न चुकता सुचवते. मारबत म्हणजे इडापिडा घेऊन जा म्हणत मिरवणुकीनं नेऊन जाळायचा पुतळा.

कबाड्याचा आणि माझा निकष गमतीशीरपणे एकच आहे : वजन. त्याच्या हिशेबात अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे आतलं तांबं, लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम. माझ्याही हिशेबात जड अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे आत दमदार ट्रान्सफॉर्मर आणि ट्रान्झिस्टर थंड ठेवणारं मोठं हीटसिंक. पुठ्ठ्यासारखा हलका लागला तर दर्शनी बाजूला कितीही वॅट लिहिलेले असोत, मी तो खाली ठेवतो. "चालू आहे का भाऊ?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "लाइट लागते जी." यापलीकडची हमी कोणी देत नाही, आणि मला ती पुरते. आवाजाची खुंटी फिरवताना खरखर झाली तर घाबरायचं कारण नसतं. आत धूळ आणि गंज असतो, कॉन्टॅक्ट क्लीनरच्या एका फवाऱ्यात बहुतेकदा निघून जातो. पाठीमागं मात्र बघायचंच. तिथं १०० किंवा ११० व्होल्ट छापलेलं असेल तर तो परदेशातून कोणीतरी हौसेनं आणलेला डबा आहे. आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात थेट खुपसला की तिथेच राम म्हणेल.

सगळ्यात जास्त वेळ मी स्पीकरवर घालवतो, कारण ऐकू येतो तो शेवटी स्पीकरच. समोरची जाळी काढायची आणि कोनाभोवतीच्या मऊ कडेवरून बोट फिरवायचं. कड रबराची किंवा कापडाची असेल तर उत्तम. फोमची असली की बोटाखाली शिळ्या अनारशासारखा भुगा पडतो. उष्णता आणि दमट हवा फोमला खाते, आणि नागपुरात एक उन्हाळ्यात मिळते, दुसरी पावसाळ्यात. पण तेवढ्यानं स्पीकर टाकाऊ होत नाही. नवी कड विकत मिळते, ती नीट मधोमध चिकटवावी लागते. सीताबर्डीवरच्या दुरुस्तीवाल्यांकडे गेलं की ते सरळ "कोनच बदलून देतो" म्हणतात. ते करू देऊ नये असं माझं ठाम मत आहे. नवा कोन जुन्याइतक्याच वजनाचा आणि ताठरपणाचा क्वचितच असतो, आणि मग तो स्पीकर नावापुरताच जुना उरतो.

खिशात पेन्सिल सेल आणि वायरचे दोन तुकडे असले की बाजारातल्या बाजारात परीक्षा होते. दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या टोकांना क्षणभर टेकवायचा. 'टप्' असा आवाज येऊन कोन पुढं सरकला तर त्याला हलवणारी तारेची कॉइल जिवंत आहे, आणि सेलची अधिक बाजू ज्या टोकाला लागली तेच त्याचं लाल टोक. हे टोक घरी फार उपयोगी पडतं. दोनांपैकी एका स्पीकरच्या तारा उलट लागल्या तर एकाचा कोन पुढं येताना दुसऱ्याचा मागं जातो, खर्ज एकमेकांना मारतो आणि गाणाऱ्याचा आवाज खोलीभर विखुरतो. तारा सरळ असल्या आणि दोन्ही स्पीकर आपल्यापासून सारख्या अंतरावर असले, की तोच आवाज बरोबर मधून, जिथं काहीच ठेवलेलं नाही तिथून येतो. अ‍ॅलन ब्लूमलाइन या इंग्रज इंजिनिअरनं १९३१ साली दोन कानांसाठी दोन वाटा या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. भंगारातल्या पेट्यांतूनही ती जादू जशीच्या तशी होते, याचं मला अजून अप्रूप आहे.

रेकॉर्ड प्लेअरच्या नादी मी लागलेलो नाही. रेकॉर्डचा भाव आता कबाड्यालाही कळलाय. तुम्ही कव्हर हातात घेतलं की तो मोबाइल काढतो. कॅसेटकडे मात्र कोणी ढुंकून बघत नाही. फिलिप्सनं १९६३ साली आणलेली ही चपटी डबी आज पिशवीभर घेतली तरी खिसा हलका होत नाही. डेकमधला चाकं फिरवणारा रबरी पट्टा वितळून त्याचा काळा चिकट लगदा झालेला असतो, तो स्पिरिटनं पुसायचा आणि नवा पट्टा चढवायचा. हात दोन दिवस काळे राहतात.

ट्यूनर, म्हणजे स्टिरिओला जोडायचा रेडिओ, घेतला तो बाबांसाठी. आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी १९८८ साली सुरू झाली, तिचा एक मेगावॅटचा ट्रान्समीटर नागपूरलाच होता, आणि बाबांना त्याचा अभिमान असा की जणू त्यांनीच तो उभा केला. मीडियम वेव्ह लावताना ते आधी घरातले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर बंद करायला लावतात. त्यांचं बरोबर आहे. ती खरखर बऱ्याचदा याच वस्तूंची असते.

या सगळ्या थाटाचा खरा शत्रू म्हणजे कूलर. होळी झाली की खिडकीत लोखंडी कूलर बसतो, वाळ्याच्या ताट्या भिजतात, आणि जूनच्या मध्यापर्यंत घरात एकच राग चालतो. पारा पंचेचाळिशीवर गेल्यावर हळुवार आलाप ऐकायचा तर आवाज इतका वाढवावा लागतो की शेजारचे दार वाजवतात. अ‍ॅम्प्लिफायर तापतो ते वेगळंच. दुरुस्तीचंही तसंच. वाऱ्याच्या झोतात सोल्डरिंग जमत नाही, आणि कूलर बंद करून डब्यावर वाकावं तर घामाचे थेंब सर्किटवर पडतात.

म्हणून मे महिना मी खरेदीला ठेवलाय. दुपारी बाजारात गिऱ्हाईक नसतं, ठेलेवाला दुपट्टा डोक्याला गुंडाळून भिंतीच्या वीतभर सावलीत बसलेला असतो. मागच्या उन्हाळ्यात एका सीडी प्लेअरचा भाव करताना मी सवयीनं निम्म्यापासून सुरुवात केली, तर तो जागचा हललासुद्धा नाही. "घेऊन जा न भाऊ," तो म्हणाला, "पण रिमोट मागू नका. तो त्या पोत्यात हाय, अन् मी काही आता उन्हात उठत नाही."