तुम्ही विचारलंत म्हणून: म्यूरफील्डला तुम्हाला खेळू दिलं कसं?

स्कॉटलंडमधल्या म्यूरफील्डच्या गोल्फ मैदानावर मी खेळून आले हे गोल्फवाल्या कुणाला कळलं की पहिला प्रश्न ठरलेला: "तो तर पुरुषांचा खासगी क्लब ना? तुम्हाला आत घेतलं कसं?" न खेळणारे सरळ विचारतात, "ओळख कुणाची लावलीत?" आपल्याकडे क्लब म्हटला की ओळख लागतेच, त्यामुळे त्यांचंही चुकत नाही.

ओळख कुणाचीच नव्हती. ईमेल केली, हँडिकॅपचा, म्हणजे आपला खेळ कितपत आहे ते सांगणाऱ्या आकड्याचा, दाखला जोडला, पैसे भरले. मंगळवार आणि गुरुवार हे तिथले बाहेरच्यांचे वार. तारीख हवी असेल तर वर्षभर आधी हालचाल करावी लागते, आणि माणशी रक्कम काही शे पौंडांच्या घरात जाते. तिचे रुपये किती होतात ते मी आईला अजून सांगितलेलं नाही. माझा दीर एडिंबरामध्ये नोकरीला आहे. तो, जाऊबाई, मी आणि नवरा असे चौघे एका मंगळवारी गलन गावात पोचलो. एडिंबराहून ट्रेनने ड्रेम स्टेशन आणि तिथून टॅक्सी, एवढंच अंतर.

आता 'पुरुषांचा क्लब' या भानगडीबद्दल. क्लबचं नाव ऑनरेबल कंपनी ऑफ एडिंबरा गोल्फर्स, आणि म्यूरफील्ड हे त्यांचं मैदान. गोल्फचे सगळ्यात जुने लिखित नियम, एकूण १३, याच मंडळींनी १७४४ साली एडिंबराजवळच्या लीथला स्पर्धेसाठी लिहून काढले. लीथहून ते मसलबराला गेले आणि १८९१ साली इथे आले. दुसऱ्याच वर्षी इथे ब्रिटिश ओपन ही गोल्फमधली मोठ्या मानाची स्पर्धा झाली, आणि ती पहिल्यांदा ७२ होलची, म्हणजे खड्ड्यापर्यंतच्या ७२ टप्प्यांची, झाली तीही तेव्हाच. बाईमाणसाला इथे खेळायची बंदी नव्हती. कुणाची पाहुणी म्हणून या, नाहीतर पैसे भरून या. फक्त सभासद होता येत नव्हतं. थोडक्यात, पुण्याहून आलेल्या बाईचे पौंड चालत होते, पण गलनमध्ये जन्म काढलेल्या बाईची वर्गणी चालत नव्हती.

मे २०१६ मध्ये सभासदांनी यावर मतदान केलं. ६४ टक्के मतं बायकांच्या बाजूने पडली, पण लागत होती दोन तृतीयांश. प्रस्ताव पडला, आणि यापुढे ओपन म्यूरफील्डला नाही असं आयोजकांनी त्याच दिवशी जाहीर केलं. मार्च २०१७ मध्ये पुन्हा मतदान झालं, तेव्हा बाजूने ८० टक्के! दहा महिन्यांत इतक्या जणांना एकदम समतेचा साक्षात्कार झाला यावर माझा विश्वास नाही. ओपन हातची गेल्यावर डोकी ठिकाणावर आली, बस. २०१९ साली पहिल्या बायका सभासद झाल्या आणि २०२२ साली महिलांची ओपन इथे झाली. आम्ही गेलो ते त्यानंतर. आधी गेले असते का? खरं सांगायचं तर गेले असते, आणि दिवसभर कुरकुरत खेळले असते.

समुद्राबद्दल मात्र आधीच सांगून ठेवते, नाहीतर मागाहून मला बोल लावाल. कड्यावर उभं राहून लाटांवरून चेंडू मारायचा, तसलं इथे काही नाही. फोर्थची खाडी दिसते, पलीकडे फाइफचा किनारा दिसतो, पण मधे वाळूच्या टेकड्या आणि काटेरी झुडपं. समुद्र जाणवतो तो पायाखाली आणि कानाशी. जमीन वाळूची, पाणी धरत नाही, त्यामुळे गवत आखूड आणि चिवट, आणि खाली सगळं टणक. आपल्याकडे चेंडू उंच टाकला की ग्रीनवर, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, बसतो. इथे तो टप्पा खाऊन पुढे पळतो आणि मागच्या उतारावरून खाली जातो. ग्रीनच्या बरीच अलीकडे मी वेज, म्हणजे चेंडू उंच उडवायची काठी, काढायला लागले तर पिशवी वाहणाऱ्या कॅडीने न बोलता चेंडू जमिनीवरून ढकलायचा पटर पुढे केला. पटरने खरंच तो चेंडू उंचसखल गवतावरून डुलत डुलत होलच्या जवळ गेला.

आणि वारा. हॅरी कोल्टने १९२०च्या दशकात या मैदानाची जी फेरमांडणी केली तिची खरी करामत वाऱ्यात आहे. पहिले नऊ होल बाहेरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, पुढचे नऊ त्यांच्या आतून उलट्या दिशेने. किनाऱ्यावरची बरीच जुनी मैदानं सरळ जातात आणि सरळ परत येतात, म्हणजे जाताना वारा पाठीवर असेल तर येताना तोंडावर. इथे दर दोन-तीन होलमागे दिशा बदलते, आणि आत्ता कुठे वाऱ्याचा अंदाज आला म्हणावं तोवर तो दुसऱ्या खांद्यावर आलेला असतो. २००२च्या ओपनमध्ये शनिवारी वादळी पावसात टायगर वुड्ससारख्यालाही तब्बल ८१ फटके लागले होते. त्यामुळे माझा आकडा मी कुणाला सांगत नाही आणि मला त्याची लाजही वाटत नाही.

दहाव्या होलला निघताना मैदानाला खेटून ग्रेवॉल्स नावाचं दगडी घर दिसतं. आता तिथे हॉटेल आहे. अठराव्या ग्रीनपासून एका फटक्याच्या अंतरावर घर हवं, असा मूळ मालकाचा हट्ट होता म्हणतात. १९०१ साली ते बांधलं एडविन लटियन्सने, ज्याने पुढे नवी दिल्ली बांधली तोच. राष्ट्रपती भवनाच्या मानाने हे घर कितीतरी जास्त राहण्याजोगं वाटलं मला.

सकाळी चौघांनी आपापला चेंडू खेळायचा, मग जेवण, आणि दुपारी जोड्यांनी खेळायचा फोरसम, असा इथला रिवाज. जेवणघरात पुरुषांना जॅकेट आणि टाय लागतो. नवरा आणि दीर, दोघे भाऊ, लॉकर रूममध्ये एकमेकांच्या गाठी सोडवत इतका वेळ रमले की आम्ही दोघी सूप संपवून बसलो होतो. जेवण भरपेट. मांसाचे मोठाले तुकडे समोर कापून वाढतात, वर पुडिंग. जाऊबाई शाकाहारी, पण त्यांनी आधीच कळवलं होतं, त्यामुळे त्यांची आबाळ झाली नाही. शेवटी कुमेल. ही शहाजिऱ्याच्या चवीची गोडसर दारू, जुन्या स्कॉटिश क्लबांतले गोल्फवाले जेवणानंतर घेतात. तिने पुटिंग सुधारतं अशी त्यांची श्रद्धा. नवऱ्याने दोन घेतल्या. पुटिंग होतं तसंच राहिलं.

फोरसम म्हणजे दोघांत एक चेंडू, आळीपाळीने मारायचा. एकीने घोळ घातला की निस्तरायचा दुसरीने. आता ही जोडी जावाजावांची असेल तर काय होतं, हे नियम लिहिणाऱ्यांच्या डोक्यात आलं नसावं. म्यूरफील्डला दीडशेच्या आसपास बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, आहेत, खोल, आणि त्यांच्या भिंती हिरवळीच्या पट्ट्या एकावर एक रचून उभ्या केलेल्या. अशा एका भिंतीच्या बुडाशी जाऊबाईंनी चेंडू नेऊन ठेवला आणि गोड आवाजात म्हणाल्या, "वहिनी, तुमची पाळी." भिंत माझ्या खांद्याला लागत होती. कॅडीने होलकडे पाहिलंच नाही, मागे बोट दाखवलं. मी होलकडे पाठ करून मारला, चेंडू बाहेर आला, आणि पुढचा फटका जाऊबाईंनी असा मारला की मागचं सगळं माफ. दुपारचे अठरा होल तीन तासांच्या आत झाले. सकाळी जो तो आपल्या स्कोअरच्या काळजीत होता, दुपारी मात्र सारखी चेष्टामस्करी चालू होती. म्यूरफील्डला पैसे मोजावेत ते या दुपारसाठी.

२०२२च्या महिला ओपनमध्ये अठराव्या होलवर, अंधार पडत आलेला असताना, दक्षिण आफ्रिकेची अ‍ॅशली बुहाई बरोबरी फोडायच्या प्लेऑफच्या चौथ्या होलला बंकरमध्ये सापडली होती. तिथून तिने चेंडू झेंड्याच्या अगदी जवळ आणून ठेवला आणि ओपन जिंकली. बंकरमधून बाहेर आल्यावर मला तिचं जास्तच कौतुक वाटायला लागलं.

"मग आम्ही जावं का?" हा पुढचा प्रश्न. लाटा, वाळू, फोटो हवे असतील तर जवळच्या नॉर्थ बेरिकला जा. तिथे पुळण मैदानाला लागून आहे, तेराव्या होलला ग्रीनच्या अलीकडे दगडी गडगा आहे, तो ओलांडून चेंडू टाकावा लागतो, आणि पोरंटोरं, कुत्री फिरवणारे, सगळ्यांचा राबता असतो. एकट्याने जायचं असेल तरीही तिथेच. म्यूरफील्डला चौघांनी जावं, पटणाऱ्या चौघांनी. जाऊबाईंनी पुन्हा एका गुरुवारसाठी ईमेल करून ठेवली आहे, आणि या वेळी फोरसमला जोडीला आपला नवरा घेणार म्हणतात.