ब्लॅक क्रिमचा वास थंडीने नेला

ब्लॅक क्रिम या ज्या टोमॅटोच्या वाणाविषयी मागील नोंदीत मी इतक्या आशेने लिहिले होते, त्याची जानेवारीतील फळे रंगाने, खांद्यावरच्या हिरव्या छटेने आणि रसातील गोडी दाखवणाऱ्या ब्रिक्सच्या आकड्यानेही उत्तम निघाली. परंतु कापल्यावर त्यांना जवळजवळ वासच नव्हता. पाणी तोडून पाहिले, पालाश (पोटॅश खत) वाढवून पाहिले. त्याने गोडी वाढली, पण ज्या धुरकट, खोल चवीसाठी हे वाण लावायचे ती आलीच नाही.

ब्रिक्स मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर उपयुक्त असला तरी तो रसात विरघळलेले घटकच मोजतो, आणि टोमॅटोची ओळख ठरते ती उडून जाणाऱ्या द्रव्यांवर. अशी ४०० हून अधिक द्रव्ये या फळात सापडली असली, तरी चव घडवतात ती मोजकीच: फळ चिरताच मेदाम्लांपासून तयार होणारे हिरव्या वासाचे हेक्झेनाल, कॅरोटिनॉइडांपासून येणारे बीटा-आयोनोन, आणि अशीच आणखी काही. काढलेली पिकी फळे ५ अंशांत ठेवल्यास ही द्रव्ये बनवणारी जनुके मंदावतात, साखर आणि आम्ल मात्र जवळपास तसेच राहतात, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले होते. माझ्या फळांचे लक्षण नेमके हेच असल्याने इंदूरच्या उघड्या गच्चीवरील थंड रात्रींवर माझा संशय गेला.

म्हणून एकाच झाडाची काही फळे रंग फुटताच काढून घरात पिकवली, काही झाडावरच ठेवली. घरातल्या फळांना वास आला! पूर्ण नव्हे, पण चिरताक्षणी ओळखू येईल इतका. सनगोल्ड या दुसऱ्या वाणाला थंडीचा फारसा उपद्रव झाला नाही, आणि सारासाठी आंबटसर पुसा रूबीला अजूनही तोड नाही. ब्रँडीवाइनची तुलना मात्र राहिली, कारण त्या नावाच्या पाकिटातून बटाट्यासारख्या पानांऐवजी साधी कातरलेली पाने निघाली. त्या विक्रेत्याकडून पुन्हा बियाणे घेणार नाही.

पुढच्या हंगामात पेरणी नोव्हेंबरात करून फळे फेब्रुवारीअखेर पिकवावीत, असे ठरवले होते; पण मग फुले ऐन जानेवारीत येतील आणि गारठ्यात परागकण कमकुवत झाल्याने फळधारणाच अडेल, हे लिहिताना ध्यानात येत आहे. त्यापेक्षा नेहमीच्याच वेळी पेरून, दिवसभर तापणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीलगत कुंड्या ठेवून, निम्म्या झाडांवर रात्री प्लास्टिक पांघरण्याचा प्रयोग अधिक पटतो. बडोद्याच्या रात्री आपल्यापेक्षा उबदार आणि ग्वाल्हेरच्या अधिक थंड असल्याने, तेथील ज्यांनी ब्लॅक क्रिम लावला असेल त्यांनी झाडावर पिकलेल्या जानेवारीच्या फळांचा वास जरूर कळवावा.