कानाने कळलेली कन्नड

बेळगावातल्या मराठी माणसाला कन्नड येते का, या प्रश्नाचे सरळ उत्तर देणे अवघड आहे, कारण त्याच्या कानाला ती उत्तम येते आणि डोळ्यांना जेमतेम. गणपत गल्लीत कोथिंबिरीची जुडी हातात धरून 'इप्पत्तक्क कोड्री', म्हणजे 'वीसला द्या', म्हणताना त्याला विचार करावा लागत नाही. बसमध्ये कंडक्टर 'मुंद होग्री, मुंद होग्री' म्हणून ओरडला की तो निमूटपणे पुढे सरकतो, आणि आपण कोणत्या भाषेतली आज्ञा पाळली हे त्याच्या गावीही नसते. मात्र त्याच बसची पाटी तो अक्षर लावून वाचत नाही, ओळखीचा चेहरा ओळखावा तशी ओळखतो. मराठी शाळेत कन्नड हा विषय असतो, मुळाक्षरे गिरवलेली असतात. परंतु परीक्षेपुरते वाचणे निराळे आणि दुपारी जेवण झाल्यावर जाडजूड कादंबरी घेऊन आडवे होणे निराळे.

यामुळे आमच्याकडे पुस्तकांचा प्रवास मोठा विचित्र होतो. एस. एल. भैरप्पा म्हैसूरला राहून कन्नडमध्ये लिहीत. त्यांची कादंबरी धारवाडच्या दुकानात, म्हणजे आमच्यापासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर आलेली असे. आमच्या हाती मात्र ती पुण्याला जाऊन, मराठी होऊन, तीनशेहून अधिक किलोमीटर उलटी परतल्यावरच पडे. १८४८ साली स्थापन झालेल्या आमच्या सार्वजनिक वाचनालयातून त्यांची 'पर्व' घरी नेणाऱ्या कितीतरी वाचकांना कन्नड बोलता येत होते आणि तरीही ते मराठीत वाचत होते. ज्यांना मूळ भाषा कळते त्यांनाच अनुवादाची गरज पडावी, असे गाव विरळाच.

या प्रवासातला सर्वांत गमतीचा टप्पा पुण्यातल्या एका घरात आहे. भैरप्पांच्या 'वंशवृक्ष', 'पर्व' आणि अशा अनेक कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्या उमा विरूपाक्ष कुलकर्णी यांचा जन्म बेळगावचा. त्यांचे पती विरूपाक्ष कन्नड वाचून दाखवत, कॅसेटवर म्हणून ठेवत, आणि उमाताई ते ऐकून मराठीत लिहून काढत. हे प्रथम कळले तेव्हा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळवणाऱ्या बाईंची ही पद्धत अनेकांना नवलाची वाटली असेल. बेळगावकराला ती अगदी घरची वाटते.

घरची म्हणण्याचे कारण असे, की आमच्या शहापुरात शेजारच्या अक्का 'सुधा' साप्ताहिकातली क्रमशः कादंबरी दुपारच्या वेळी मोठ्याने वाचत आणि माझी आई समोर पाय पसरून मेथी निवडत ऐकत बसे. अक्का मध्येच थांबून चष्मा पुसू लागल्या की आई हातातली काडी तशीच धरून 'मुंद ओद्री अक्का' म्हणे. एखादे वाक्य पुस्तकी वळणाचे असले तर अक्का ते आधी वाचत आणि मग आमच्या भागातल्या कन्नडमध्ये पुन्हा सांगत. त्यातही काही अडले तर मराठीत. संध्याकाळी बाबांना चहा देताना आई त्या आठवड्याचे प्रकरण मराठीत सांगून टाकी. तिच्या मराठीतली सासू मूळ कादंबरीतल्या सासूपेक्षा बरीच खमकी असावी, अशी मला दाट शंका आहे, कारण तिची काही वाक्ये आमच्या आजीची होती.

अशा ऐकीव देवाणघेवाणीला आमच्या भागात मोठी परंपरा आहे, फक्त तिला कोणी अनुवाद म्हणत नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या कर्कीच्या भागवत मंडळींचे यक्षगानाचे, म्हणजे कन्नड नृत्यनाट्याचे, खेळ सांगलीत झाले आणि त्यांच्यावरून विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' उभे केले, तेव्हा कन्नड संहिता समोर ठेवून कोणी भाषांतर करीत नव्हते. सांगलीकरांनी पाहिले, ऐकले आणि आपले केले. पुढे १८८० साली मराठी संगीत 'शाकुंतल' रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर तर आमच्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे.

अनुवाद हा दोन भाषांमधला पूल असतो, हे वाक्य प्रत्येक प्रकाशन समारंभात ऐकू येते. आमच्याकडे दोन भाषांच्या मध्ये नदीच नाही, तेव्हा या पुलाचे काय करायचे हा प्रश्न पडतो. १९५६ पासून सीमाप्रश्न आहे, पाट्यांवरून वाद आहेत, ते कोणी नाकारीत नाही. पण हे सगळे मुख्यतः लिपीच्या पातळीवर चालते, कान त्यात फारसा पडत नाही. २०२५ साली बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांच्या 'हार्ट लॅम्प' या इंग्रजी अनुवादाला आंतरराष्ट्रीय बुकर मिळाला. अनुवादिका दीपा भास्ती यांनी कन्नड, उर्दू, अरबी शब्द तळटीपांविना तसेच राहू दिले होते आणि इंग्रजीला कन्नडचा हेल मुद्दाम ठेवला होता. जगभर त्याचे कौतुक झाले, ते योग्यच झाले. आमच्या मराठीला तो हेल कोणी न ठेवता आपोआप आलेला आहे, आणि पुण्यात गेल्यावर त्यावरून आम्हाला हसतात.

हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगाव या गावांतून ग्रामीण मराठी साहित्य संमेलने भरतात. ग्रंथदिंडी निघते, भाषणे होतात, पण मंडप खरा भरतो तो कथाकथनाला. माझे मत असे आहे की त्या सत्रात कधीतरी एखाद्या कन्नड कथाकाराला बोलावावे आणि त्याची कथा त्याच्याच भाषेत, मध्ये दुभाषा न घालता सांगू द्यावी. मागच्या रांगेतल्या आज्या नेमक्या जागी हसतील, नेमक्या जागी पदर डोळ्यांना लावतील. भाषांतराची गरज पडलीच तर ती पुण्याहून आलेल्या प्रमुख पाहुण्यांना पडेल.