कुलरचं गवत बदललं, चार दिवसांत

यंदा कुलर काढायला मला उशीरच झाला. मे लागला, पारा 44 वर गेला, तेव्हा पत्रे खोलले. टाकी घासली, पंप चालला, पंखाही फिरला. गवत मात्र हात लावला की भुशासारखं गळत होतं. आमचं बोअरचं पाणी जड, त्यानं त्यावर पांढरा थर धरलेला.

इथून खरा तमाशा. आमचा कुलर कंपनीचा नाही, पत्रेवाल्याकडून बनवून घेतलेला. तालुक्याच्या दुकानात तयार ताट्या, म्हणजे जाळीत गवत भरलेल्या चौकटी, ढीगभर, पण माप एकीचंही बसेना. "मापाच्या बनवून देतो ना भाऊ, उद्या या," म्हणून 200 रुपये ॲडव्हान्स घेतला. उद्या गेलो, तर "माल येऊन राहिला." परवा शटर बंद, लग्नाला गेले म्हणे. दर वेळी एसटीची वाट, डोक्यावर ऊन. घरी माय डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन बसलेली, "आणलं का रे?" एवढंच विचारायची. राग तिच्यावरच निघायचा. चौथ्या दिवशी त्यानं ताटी काढली, ती चार बोटं आखूड! "वरून कपडा कोंबा ना." अरे, फट राहिली की पंखा ओलं गवत सोडून तिथूनच गरम झळ ओढतो!

शेवटी समोरच्या हार्डवेअरवाल्याकडे सुटं गवत किलोवर मिळालं. जाळ्या घरच्याच होत्या, हे पहिल्या दिवशी का सुचलं नाही कोण जाणे. अंगणात जाळी आडवी टाकून गवत पिंजून भरलं, मग उन्हासमोर उभी धरली. उजेड आरपार दिसला तिथे आणखी एक मूठ. ठासू मात्र नका, हवा कोंडते.

नव्या गवताचं पहिलं पाणी चहासारखं उतरतं, ते फेकून द्या. वरून पाणी ठिबकतं ती भोकं आधीच सुईनं मोकळी करा. मी विसरलो, एक कोपरा कोरडा राहिला, पुन्हा सगळं खोललं. आठवड्याला टाकी रिकामी करून घासा, डेंग्यूचा डास असल्याच साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. खिडकी किंचित उघडी ठेवा, नाहीतर खोली नुसती चिकचिकते.

आणि हो, पाणी भरताना बटन बंद करून भागत नाही, पिनच काढा. आपल्याकडे उन्हाळ्यात कुलरच्या शॉकनं माणसं जातात. थ्री-पिनच्या मागे अर्थिंगची तार खरंच आहे का, तेही वायरमनकडून पाहून घ्या. आमच्या भिंतीत नव्हती.

परवा, नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) अर्धा सरल्यावर, दुकानदाराचा फोन आला. ताट्या तयार आहेत म्हणे.