टूर द्यु माँ ब्लाँ: तीन देश, तीन नियम आणि हेलिकॉप्टरचं बिल

आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखराला वळसा घालणारा हा ट्रेक साधारण 170 किमीचा, फ्रान्स-इटली-स्वित्झर्लंड असा, आम्ही चौघांनी 11 दिवसांत करायचा ठरवलेला. मुक्कामाच्या हटचं बुकिंग, बॅगेचं वजन यावर लोकांनी भरपूर लिहिलंय, मला फक्त सहाव्या दिवसाबद्दल सांगायचंय.

इटलीतून चढून ग्रां कोल फेरेच्या खिंडीत (2537 मी.) आलं की पुढे स्वित्झर्लंड. तिथून उतरताना माझ्या मावसभावाचा पाय मुरगळला, घोटा बघता बघता टम्म सुजला, पाय टेकवेना. मी फोन काढला तर म्हणतो, "दादा, नको लावूस, इथे हेलिकॉप्टरचं बिल आपल्याच गळ्यात पडतं, मी उतरतो हळूहळू." ते खोटं नव्हतं, स्वित्झर्लंडमध्ये बिल ज्याला वाचवलं त्याच्या नाहीतर त्याच्या विम्याच्या नावाने निघतं. मी ऐकलं त्याचं, ती माझी चूक. दोन तास त्याला खांद्याचा आधार देत उतरवला, तेवढ्यात खालून ढग चढले, मग 144, म्हणजे तिथला अॅम्ब्युलन्सचा नंबर, लावला तर ढगात हेलिकॉप्टर येऊ शकत नव्हतं, माणसं चालत आली तोवर अंधार पडलेला आणि तो थंडीने थडथड उडत होता. हाड मोडलेलं निघालं.

चार दिवस आधी फ्रान्समधल्या कोल द्यु बोनॉमच्या खिंडीत हेच झालं असतं तर? तिथे जाँदार्मरीचं, म्हणजे फ्रान्सच्या लष्करी पोलीस दलाचं, डोंगरी पथक येतं, डोंगरातून काढायचे पैसे घेत नाही, भाऊ लगेच हो म्हणाला असता.

बेफिकिरी करणाऱ्याचा खर्च बाकीच्यांनी का उचलायचा, हा प्रश्न मलाही पडतो. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये निष्काळजीपणा दिसला तर बिल लावतात. पण बिलाची भीती बेफिकीर माणसाला थांबवत नाही, ती सरळ माणसाला फोन करू देत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. समुद्रात तर 1989 च्या सॅल्व्हेज (संकटातली जहाजं-माल वाचवण्याच्या) आंतरराष्ट्रीय करारानुसार जीव वाचलेल्या माणसाने काही देणं लागत नाही, जहाज-मालाचं वेगळं. डोंगरात वेगळं का असावं? खर्च विम्यातून नाहीतर सगळ्यांच्या वर्गणीतून निघावा, पडलेल्या माणसाला तिथे बसून हिशोब करायला लागू नये.

जाणार असाल तर, शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा विमा काढावाच लागतो पण त्यावर निर्धास्त राहू नका, डोंगरातला शोध आणि हेलिकॉप्टर धरलंय का, किती उंचीपर्यंत, हे कंपनीकडून लेखी घ्या. पॉलिसी नंबर कागदावर चौघांकडेही हवा. या ट्रेकवर स्विस भागात 144, फ्रान्स-इटलीत 112. इटलीच्या आओस्ता भागात विनाकारण बोलावलं तर पैसे लागतात, खऱ्या दुखापतीला घाबरू नका. हेलिकॉप्टर दिसलं की दोन्ही हात वर, म्हणजे मदत हवी, एकच हात वर केला तर नको असा अर्थ होतो. आणि निघायच्या आधीच ठरवा की फोन लावायचा का हे जखमी माणसाला विचारायचं नाही, बाकीच्यांनी लावायचा.