हँबुर्गची आठ गाणी: बीटल्सच्या पहिल्या व्यावसायिक रेकॉर्डिंगचं संकलन, आजवरचं काम

यादी पक्की झाली. इंग्लिश गायक टोनी शेरिडनबरोबर बीटल्सनी जर्मनीत केलेल्या कामातली आठच गाणी आज ऐकायला मिळतात. त्यातली सात 22 जून 1961 पासून हँबुर्गच्या हारबुर्ग भागातल्या फ्रीडरिश-एबर्ट-हाले या सभागृहात निर्माता बर्ट केम्फर्टने रेकॉर्ड केली: माय बॉनी, द सेंट्स, व्हाय, क्राय फॉर अ शॅडो, नोबडीज चाइल्ड, टेक आउट सम इन्शुरन्स ऑन मी बेबी आणि एन्ट शी स्वीट. आठवं स्वीट जॉर्जिया ब्राउन, मे 1962 चं. ड्रमवर अजून पीट बेस्ट, रिंगो स्टारच्या आधीचा.

लेबलवर 'बीट ब्रदर्स' दिसलं की बीटल्स, असं धरू नका. शेरिडनच्या साथीला कुणीही असलं तरी पॉलिडॉर ही रेकॉर्ड कंपनी हेच नाव छापायची. 1964 च्या 'द बीटल्स फर्स्ट' या जर्मन एलपीवर बारा गाणी आहेत. त्यातली या या, लेट्स डान्स, व्हॉट्ड आय से आणि रूबी बेबी दुसऱ्याच वादकांची. एमजीएम कंपनीच्या 1964 च्या अमेरिकन एलपीवर तर बीटल्सची फक्त चार. 'इफ यू लव्ह मी, बेबी' दिसलं तर नवं सापडलं म्हणून हुरळून जाऊ नका, ते इन्शुरन्सचंच दुसरं नाव.

खरा वेळ खाल्ला तो आवृत्त्यांनी. माय बॉनीची सुरुवात जर्मन प्रस्तावनेची, इंग्रजी प्रस्तावनेची आणि प्रस्तावनेशिवाय, अशी तीन तऱ्हांची; तिन्हींना वेगळे क्रमांक दिले. स्वीट जॉर्जिया ब्राउनची साथ 1962 ची, पण शेरिडनने डिसेंबर 1963 मध्ये नवे शब्द गायले. गाण्यात बीटल्सच्या केसांचा उल्लेख आला की ती नंतरची. ॲटको या अमेरिकन कंपनीने 1964 मध्ये एन्ट शी स्वीटवर जादा ड्रम चढवले. मूळ ट्रॅकवर स्नेअर ड्रम बारीक आणि कोरडा आहे, ॲटकोवर ड्रम अंगावर येतात. मूळचाच ठेवावा, त्या पोरांचा हात त्यातच ऐकू येतो.

मोनो सिंगलचं डिजिटायझेशन 24 बिट, 96 किलोहर्ट्झवर. सर्वांत मोठा आवाज उणे 6 डेसिबलच्या आत. 0.7 आणि 1 मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) अशा दोन्ही शंक्वाकार सुया लावून पाहा, कारण जुनी सुई खाचेत जिथे घासली तिथून नवी वर किंवा खाली बसली तर फरफर कमी होते. मग दोन्ही चॅनेल एकत्र करा, खाचेतला उभा आवाज कटतो. गाणं नाहीसं होऊन खरखरच उरली, तर कार्ट्रिजच्या (सुई बसते त्या भागाच्या) एका चॅनेलच्या दोन तारा उलट लागल्यात. दर 1.33 सेकंदाला, म्हणजे 45 आरपीएमच्या सिंगलच्या दर फेरीला, सूर हलत असेल तर भोक केंद्रात नाही. मोठ्या भोकात बसवलेला ॲडॉप्टर सैल आहे का ते आधी बघा.

मोनोपासून बनवलेल्या कृत्रिम स्टिरिओ प्रती घेऊच नयेत, मोनो केल्या की आवाज पोकळ होतो. खरं स्टिरिओ हवं तर बेअर फॅमिली या जर्मन कंपनीचा 2001 चा 'बीटल्स बॉप' संच आहे, त्यात मोनोही आहे.

डीक्लिकर (टकटक काढणारं सॉफ्टवेअर) आपोआप चालवला तर स्नेअरचा ठोका टकटक समजून खातो. काढलेला आवाज तेवढा वेगळा ऐका. त्यात ताल लागला तर संवेदनशीलता उतरवा. द सेंट्स तीनदा करावं लागलं. व्हाय आणि नोबडीज चाइल्ड बाकी आहेत.

नववी जागा रिकामी ठेवली आहे. मे 1962 मध्येच स्वानी रिव्हरही रेकॉर्ड झालं होतं, पण ती टेप उरली नाही. शेरिडनच्या 'माय बॉनी' एलपीवरचं स्वानी रिव्हर दुसऱ्या वादकांचं आहे, ते तिथे भरू नका.