घाटात दम सोडणारी पिकअप

तिसरं वळण संपलं आणि गाडीचा दम गेला. चौथ्या गिअरवरून तिसऱ्यावर, तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आलो, ॲक्सिलरेटर पार तळाला टेकला, तरी काटा २० च्या पुढे सरकेना. मागे मामांची पुस्तकांची कपाटं बांधलेली, शेजारी मामा. गाडी २५ वर्षांची, मेकॅनिकल पंपाची डिझेल पिकअप. हिला बिघाड वाचणारा स्कॅनर लावून काही कळणार नव्हतं. जे सांगायचं ते तिनेच सांगायचं.

रुंद जागा बघून बाजूला घेतली, चाकांना दगड लावले.

"इंजिन बसलं का रे?" मामांनी विचारलं.

"नाही मामा. तापलेलं नाही, ऑइलचा दिवा नाही, आवाजही स्वच्छ आहे."

क्लच घसरत असता तर इंजिन घोंघावलं असतं आणि गाडी मागे राहिली असती. इथे दोन्ही एकदमच पडत होते. चारही चाकांजवळ हात नेऊन बघितला. ब्रेक धरून राहिला असता तर एखादं चाक जास्त तापलं असतं. तसंही नव्हतं.

मग धुराचा विचार केला. माझ्या मते जुन्या डिझेल गाडीत याच्याइतका खरा साक्षीदार नाही. एअर फिल्टर बुजला किंवा टर्बोचा पाइप निसटला की हवा कमी पडते, डिझेल अर्धवट जळतं आणि मागे काळे लोट उठतात. चढताना मी आरशात सतत बघत होतो, मागचा रस्ता स्वच्छ दिसत होता. ताकद नाही आणि काळा धूरही नाही, म्हणजे डिझेलच पुरेसं पोचत नाही. उभ्या गाडीला थोडं लागतं म्हणून तिथे इंजिन व्यवस्थित चालतं. भार घेऊन चढताना उपासमार होते.

डिझेल फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडं डिझेल बाटलीत काढलं. पाणी असतं तर खाली वेगळं दिसलं असतं, नव्हतं. जवळचा नवा फिल्टर बसवला, प्रायमर, म्हणजे डिझेल ओढायचा छोटा हातपंप, मारून हवा काढली. गाडी सपासप निघाली. १२ किलोमीटरवर पुन्हा तेच.

तेव्हा मामा म्हणाले, "मघाशी फिल्टरही बदललास आणि गाडीला विश्रांतीही मिळाली. नक्की कशाने बरी झाली? आता कशालाच हात लावू नकोस."

पंधरा मिनिटं नुसते बसलो. गाडी पुन्हा ओढू लागली. फिल्टरचा संबंधच नव्हता!

थांबल्यावर बरं होणारं दुखणं बहुधा टाकीकडचं असतं. टाकीत हवा शिरायची वाट बुजली तर आत पोकळी तयार होते. म्हणून तिसऱ्यांदा दम गेला तसं लगेच झाकण उघडलं; 'सूं' झालं नाही, म्हणजे ती वाट मोकळी होती. प्रायमर दाबला, तर दाबलेला भाग वर यायला फार वेळ लावत होता. म्हणजे टाकीकडून ओढतानाच कुठेतरी अडत होतं. टाकीतल्या नळीच्या तोंडाला जाळी असते. गाडी चालू असताना कचरा ओढला जाऊन तिला चिकटतो, थांबलं की ओढ संपते आणि तो खाली पडतो.

फिल्टरकडे येणारी नळी सोडली, झाकण उघडं ठेवलं आणि चाकात हवा भरायच्या पंपाने नळीतून उलटी हवा मारली. आधी जोर लागला, मग टाकीत गुडगुड ऐकू आली. नळी जोडून पुन्हा प्रायमर मारला. उरलेला घाट तिसऱ्यावर चढलो. कचरा आतच होता, त्यामुळे वाटेत हे आणखी एकदा करावं लागलं.

पोचल्यावर टाकी उतरवली. जाळीवर गंजाचे पापुद्रे आणि काळा, बुळबुळीत थर. टाकीच्या तळाशी पाणी साचलं की त्याच्या आणि डिझेलच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात, त्यांचा हा गाळ. गाडी महिनोन्‌महिने उभी होती, तिथेच तो धरला असणार. अशा वेळी 'पंप गेला' म्हणून थेट पंप उतरवायला सांगणारे भेटतात; जाळी न बघता तो खर्च कुणी करू नये असं मला मनापासून वाटतं.

टाकी धुऊन घेतली, जाळी आणि रबरी नळ्या नव्या टाकल्या. रिकाम्या गाडीने खात्री पटली नसती, म्हणून परतल्यावर मागे वाळूची पोती भरून तोच घाट पुन्हा चढलो. ते तिसरं वळण आलं तेव्हा मामा माझ्याकडे नाही, काट्याकडे बघत होते. गाडी चौथ्यावरच होती.